उघड्यावरची गाडी आणि तिचा रंग

(रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांनी सभासदांसाठी दिलेल्या व्याख्यानांपैकी हे एक. व्याख्याते मोटारींच्या कारखान्यातल्या पेंटशॉपमधून निवृत्त झाले आहेत. बोलण्याचा ओघ राहावा म्हणून भाषेत फारसा बदल केलेला नाही. – संपादक मंडळ)



मला बोलायला सांगितलंय गाडीच्या रंगावर. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी लगेच उठून जाऊ नये. हा विषय त्यांच्या पाण्याच्या बिलाशी आणि खिडकीबाहेरच्या झाडांशीही जोडलेला आहे. कसा, ते सांगतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा फ्लॅट ४८ होते आणि गाड्या ११. सगळ्या स्टिल्टखाली मावायच्या, उरलेल्या जागेत पोरं क्रिकेट खेळायची. आज फ्लॅट तेवढेच आहेत, गाड्या ६३. स्टिल्टमध्ये जागा २६. म्हणजे ३७ गाड्या बारा महिने उघड्यावर. दरवर्षी आपण चिठ्ठ्या टाकतो. स्टिल्टची किंवा मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २०१० साली दिला, त्यामुळे 'माझी जागा मी विकत घेतलीय' हा वाद आपल्याकडे मिटला. 'यंदाही मलाच ऊन का' हा वाद मात्र चालू आहे, आणि तो पन्नाशीच्या समारंभापर्यंत चालेल असं मला वाटतं.

आता पुढच्या महिन्यात वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. अजेंड्यावर तीन विषय आलेत. पूर्वेच्या भिंतीलगतचा पर्जन्यवृक्ष आणि आंबा तोडावा, कारण गाड्यांवर चीक आणि पक्ष्यांची घाण पडते. मोकळ्या पार्किंगवर पत्र्याची शेड घालावी. आणि सकाळी गाड्या पुसायला येणाऱ्या दादांना बंद करावं, कारण गाड्यांवर चरे पडतात आणि टँकरचं पाणी वाया जातं. हे तिन्ही विषय वेगवेगळ्या लोकांनी दिलेत, पण तिन्हींच्या मुळाशी गाडीचा रंग आहे. म्हणून सेक्रेटरी म्हणाले, सभेत आवाज चढायच्या आधी जरा माहिती द्या.

मी काय केलं, दोन रविवार सकाळी टॉर्च घेऊन सगळ्या गाड्या बघितल्या. वॉचमनने दुसऱ्या रविवारी विचारलं, "साहेब, काही हरवलंय का?" जे दिसलं ते आधी सांगतो, कारणं मागाहून.

स्टिल्टखालच्या ज्या गाड्या रोज पुसल्या जातात, त्यांच्यावर ऊन पडत नाही, चीक पडत नाही, पक्षी बसत नाहीत. तरी त्यांच्या बोनटवर टॉर्च धरला की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसतात. उघड्यावरच्या, रोज पुसल्या जाणाऱ्या गाड्यांवर तेच जाळं, तितकंच दाट. आणि भिंतीजवळ एक गाडी आहे, तिचे मालक कुणाला हात लावू देत नाहीत आणि स्वतःही क्वचितच धुतात. धुळीने माखलेली. त्यांच्या परवानगीने एका कोपऱ्यावर पाणी ओतून बघितलं, तर खाली रंग जवळजवळ नव्यासारखा. जाळं नाही. ती गाडी आंब्याखालीच उभी असते, बरं का.

उन्हाचं नुकसान नाही असं मी म्हणत नाही. दहा-बारा वर्षांच्या चार गाड्यांच्या टपावर पांढरट चट्टे आलेत, एकीचे पापुद्रे निघतायत. ते उन्हाचंच काम. पण जे चरे बघून लोक चिडलेत, ते झाडाने पाडलेले नाहीत आणि सूर्यानेही पाडलेले नाहीत. ते कोरड्या फडक्याने पाडलेत.

आता थोडं आतलं सांगतो. केमिस्ट्री नको असं बजावलंय, त्यामुळे फक्त थर.

कारखान्यात पत्र्याची बॉडी आधी धुऊन तिच्यावर फॉस्फेटचा संस्कार करतात. मग अख्खी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला थर बसवतात, तो गंजापासून वाचवतो. त्यावर प्रायमर. त्यावर आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो थर, आणि तो सगळ्यात पातळ असतो, पंधरा-वीस मायक्रॉनच्या घरात. आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, क्लिअर कोट, ज्याला गॅरेजवाले लॅकर म्हणतात. तो चाळीसेक मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सगळे थर मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन भरतात. डोक्याचा एक केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे तुमच्या लाखो रुपयांच्या गाडीची चमक एका केसाहून पातळ थरात आहे.

हे वरचे थर कारखान्यात साधारण १४० अंशाला भाजतात. गॅरेजमध्ये तयार गाडीत वायरिंग असतं, प्लास्टिक असतं, सीट असतात, ती इतकी तापवता येत नाही. तिथे दुसऱ्या जातीचा रंग कमी उष्णतेवर सुकवतात. चांगला कारागीर उत्तम काम करतो, पण कारखान्यातला रंग पुन्हा मिळत नाही. म्हणून जो आहे तो टिकवायचा.

ऊन रोखणारी द्रव्यं त्या लॅकरमध्येच मिसळलेली असतात. आता रबिंग-पॉलिश म्हणजे काय? चरे दिसू नयेत म्हणून चऱ्यांच्या तळापर्यंतचा लॅकर घासून काढायचा. जोरात केलेल्या एका रबिंगमध्ये दोन-चार मायक्रॉन सहज जातात. लॅकर ही मुदत ठेव समजा, पण जिच्यात नंतर भर घालता येत नाही अशी. दर दिवाळीला मशीन फिरवून गाडी चमकवणारे लोक पाच-सहा वर्षांत ठेव मोडतात, आणि मग टपावर ते पांढरे चट्टे दिसायला लागतात. चट्टे आले की पॉलिश चालत नाही, पुन्हा रंगच लागतो.

चरे गोल का दिसतात, हेही सांगतो, कारण त्यावरून दादांवर फार अन्याय होतो. "हा गोल गोल पुसतो म्हणून गोल चरे पडतात," असं मी ऐकलंय. चरे सगळ्या दिशांना असतात. त्यांतले जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, त्यामुळे दिव्याभोवती किंवा सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळं असल्यासारखं वाटतं. टॉर्च हलवा, वर्तुळं टॉर्चबरोबर सरकतील. हात गोल फिरला की सरळ, हा मुद्दा दुय्यम. फडक्यात काय अडकलं होतं, हा खरा मुद्दा.

आणि फडक्यात काय अडकतं? समोर टॉवर उठतोय. तिथली क्रश सँड म्हणजे आपल्या काळ्या दगडाचा भुगा. वाळूतले आणि दगडातले कण काचेवरही ओरखडा काढतील इतके कठीण असतात. रात्रभर ते बोनटवर बसतात. सकाळी सहा वाजता त्यावरून कोरडा किंवा नुसता ओलसर फडका फिरतो. लॅकर काचेपेक्षा कितीतरी मऊ. मग दुसरं काय होणार? आणि एकच फडका, एकच बादली, चाळीस गाड्या. दहाव्या गाडीनंतर बादलीत जे असतं त्याला पाणी म्हणायचं धाडस मी करणार नाही.

पण दादांच्या बाजूने बघा. त्यांना गाडीमागे दोन-तीन मिनिटं मिळतात. पाणी आपणच मोजून देतो, एक बादली. फडका आपल्या घरातला जुना बनियन असतो. आणि रोज गाडी चकाचक दिसली नाही तर महिनाअखेरीला पैसे कापतो. या अटींवर मी पुसली असती तरी असेच चरे पडले असते.

तेव्हा माझं म्हणणं असं, की माणूस बदलू नका, पद्धत बदला. रोज पुसण्याची गरजच नाही. बसलेली धूळ रंगाचं नुकसान करत नाही, ती घासली की करते. आठवड्यातून एकदा नीट धुणं, आणि मधल्या दिवसांत फक्त काचा, आरसे, दिवे, नंबर प्लेट. पैसे तेवढेच द्यायचे. महिन्याचे तेवढेच पैसे आणि कमी फेऱ्या म्हणजे आपण उपकार करतोय असं कुणाला वाटत असेल, तर त्याने डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे एका बोनटचा भाव विचारून यावा.

नीट धुणं म्हणजे काय? गाडी सावलीत आणि पत्रा हाताला गार लागेल अशी असावी. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळतो आणि डाग धरतो. आधी नुसतं पाणी, वरून खाली, म्हणजे सुटी माती हात न लावता निघून जाते. आपल्याकडे नळी नको, झाडांना पाणी घालायची झारी पुरते. मग दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा किंवा जाड मायक्रोफायबर शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, की आधी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा, मग पुन्हा शाम्पूत. घाण दुसऱ्या बादलीत राहते, गाडीवर परत येत नाही. टप आधी, मग काचा, बोनट, डिकी, दारांचा वरचा भाग, आणि अगदी खालचा भाग शेवटी, कारण सगळ्यात जास्त कच तिथे असते. चाकांना वेगळा फडका. चाकांचा फडका बोनटला लागता कामा नये, त्यात ब्रेकचा लोखंडी भुगा असतो. फडका जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. शेवटी पाणी ओतून लगेच कोरड्या, स्वच्छ मायक्रोफायबरने टिपून घ्यायचं. घासायचं नाही, टिपायचं.

कपड्यांची पावडर वापरू नका, भांड्यांचा साबणही रोजच्याला नको. त्याने रंग विरघळत नाही, पण वर लावलेलं मेण निघून जातं आणि रबराच्या पट्ट्या कोरड्या पडतात.

पाण्याचा हिशोब खजिनदारांसाठी. आपल्या अंगणातल्या नळाखाली १५ लिटरची बादली मिनिटभरात भरते, मी घड्याळ लावून बघितलंय. म्हणजे दहा मिनिटं नळी चालली की १५० लिटर. रविवारी तीन-चार सभासद नळीने गाडी धुतात, नावं घेत नाही, पण त्यातले एक आत्ता पहिल्या रांगेत हसतायत. दोन बादल्या आणि एक झारी मिळून तीस-पस्तीस लिटरमध्ये गाडी नीट धुतली जाते. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की पाण्यात मिसळायचं रिन्सलेस नावाचं द्रावण मिळतं. एक बादली पाणी, त्यात झाकणभर द्रावण आणि सात-आठ फडके, प्रत्येक भागाला नवी घडी. ओतून धुवायला लागत नाही. पण चिखलाने भरलेल्या गाडीला ते नाही, फक्त धुळीला.

आता झाडांकडे येतो. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

ज्याला आपण 'झाडाचा चीक' म्हणतो, तो बहुतेक वेळा झाडाचा नसतोच. आंब्याला मोहोर आला की त्यावर तुडतुडे येतात. ते झाडाचा रस शोषतात आणि जादा साखर गोड, चिकट थेंबांच्या रूपात खाली टाकतात. ज्यांची कोकणात कलमं आहेत त्यांना हे नवीन नाही, पानं काळी पडतात ती याच चिकटपणावर वाढणाऱ्या बुरशीने. पर्जन्यवृक्षावरही रस शोषणारे कीटक असतात, खाली बारीक तुषार पडल्यासारखं वाटतं ते त्यांच्यामुळेही. ही सगळी साखर आहे, मंडळी. साखर कशात विरघळते? कोमट पाण्यात. ओला फडका पाच मिनिटं ठेवा, निघून जाते. लोक काय करतात, कोरडी खरवडतात. आठवडाभर उन्हात भाजू दिलं तर मात्र ती घट्ट होते आणि खाली डाग राहतो. म्हणजे मोहोराचे दोन महिने, साधारण जानेवारी ते मार्च, आंब्याखालच्या चार गाड्यांवर दर दोन दिवसांनी एक तांब्या पाणी ओतावं लागेल. एवढीच झाडाची किंमत आहे.

आणि झाड बदल्यात देतं काय? मे महिन्यात दुपारी दोन वाजता उघड्यावरच्या काळ्या गाडीच्या बोनटवर हात ठेवून दाखवा. गडद रंगाचा पत्रा भर उन्हात ७० अंशांच्या घरात जातो. झाडाखालच्या गाडीवर हात टेकवता येतो. टपावर चट्टे आलेल्या ज्या चार गाड्या मी सांगितल्या, त्या चारही गेली काही वर्षं पश्चिमेच्या उघड्या रांगेत उभ्या राहिल्यात. झाडाखालची एकही त्यात नाही. चार गाड्यांवरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं, पण ऊन लॅकरला मारतं ही गोष्ट काही माझ्या चार गाड्यांवर अवलंबून नाही.

शिवाय झाड तोडायचं म्हटलं तर ठराव करून भागत नाही. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, आपल्या आवारातलं झाड असलं तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 'गाडीवर चीक पडतो' या कारणावर ती मागायला जाणाऱ्याला मी शुभेच्छा देतो. आंब्याची फार दाटी झालीय, हे मात्र खरं. रीतसर अर्ज करून, फळं निघाल्यावर आतल्या फांद्या विरळ केल्या तर हवा आणि ऊन आत जाईल आणि तुडतुडेही कमी होतील. तो ठराव आणा, मी अनुमोदन देतो.

पक्ष्यांची घाण हा प्रकार साखरेइतका सोपा नाही. तिच्यात आम्ल असतं, बिया आणि वाळूचे कण असतात. उन्हात लॅकर तापून किंचित मऊ पडतो, वरची घाण वाळून आकसते, आणि संध्याकाळी लॅकर गार होताना त्या आकाराचा ठसा धरून बसतो. म्हणून विष्ठेचा डाग बोटाला खडबडीत लागतो. उन्हाळ्यात तो एका दिवसातही पडू शकतो. तेव्हा ही एक गोष्ट अशी आहे की जिला रविवारची वाट बघायची नाही. गाडीत एक छोटी पाण्याची स्प्रे बाटली आणि जुन्या मायक्रोफायबरचे चार तुकडे ठेवा. घाणीवर भरपूर पाणी मारा, वर ओला कागदी रुमाल ठेवा, वर जाऊन चहा घेऊन या, मग उचलून घ्या. उचलायचं, पुसायचं नाही. जांभळांच्या दिवसांत वटवाघळं जांभळी रांगोळी घालतात, त्यालाही हाच उपाय.

शेडबद्दल दोनच वाक्यं. महापालिकेची परवानगी काढावी लागेल, आणि पत्र्याखालच्या लोखंडी कैच्यांवर कबुतरं वस्तीला येतील. स्टेशनवरच्या शेडखाली उभ्या केलेल्या मोटरसायकली आठवा.

कापडी कव्हरचं मात्र विचारतात. महिनाभर गाडी हलणार नसेल आणि ती धुऊन कोरडी केलेली असेल, तर हवा खेळणारं कव्हर घाला. रोज काढ-घाल करणार असाल तर धुळीवर कव्हर ओढणं म्हणजे गाडीएवढा मोठा कोरडा फडका फिरवणं. वाऱ्याने ते दिवसभर घासतही राहतं. पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर आतून घाम धरतं, ते नकोच.

आता राहिलं ऊन. लॅकरवर काहीतरी बळीचा बकरा म्हणून ठेवायचा, जो आधी झिजेल. सगळ्यात जुना उपाय मेण. कार्नोबा म्हणून ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण असतं, ते फार कठीण, ऐंशी अंशांच्या वर वितळतं. आपल्या उन्हात ते दीड-दोन महिने टिकतं. कृत्रिम सीलंट चार-सहा महिने. लावणं अवघड नाही, गाडी धुऊन कोरडी करून सावलीत, एका तासाचं काम. पाणी टाकून बघा, थेंब गोल मोत्यासारखे उभे राहिले तर थर आहे. पाणी सपाट पसरलं तर तो गेला. वर्षातून तीन वेळा लावा, मार्चमध्ये, पावसाच्या तोंडावर आणि दिवाळीला. उघड्यावरच्या गाडीला एवढं पुरतं.

सिरॅमिक कोटिंगचे फोन सगळ्यांना येतात. ती खोटी वस्तू नाही. सिलिकाचा एक-दोन मायक्रॉनचा थर असतो, नीट लावला तर दोन-तीन वर्षं पाणी आणि घाण सहज निसटते. पण विकणारे म्हणतात, "नाइन-एच कडक आहे, चरे पडणारच नाहीत." ही नाइन-एच पेन्सिलची मोजपट्टी आहे, शाळेतली एच-बी असते तीच. हिऱ्याची नाही. आणि ज्या गाडीवर आधीच जाळं आहे तिच्यावर कोटिंग करायचं म्हणजे आधी रबिंग, म्हणजे मुदत ठेवीतून पैसे काढणं. कोटिंग करूनही कोरडा फडका चालू राहिला तर पैसे गटारात. दगडांपासून वाचवायचं असेल तर पारदर्शक फिल्म येते, पॉलियुरेथेनची, दीडशे-दोनशे मायक्रॉन जाड. ती खरंच वाचवते, पण तिचा खर्च ऐकून मी तरी खाली बसलो. फार तर बोनटची पुढची पट्टी आणि बंपर एवढ्याला लावावी.

आपल्या बोअरचं पाणी जड आहे, त्याचे पांढरे डाग काळ्या गाड्यांवर दिसतात. साधं व्हिनेगर तेवढंच पाणी घालून, गार पत्र्यावर, मिनिटभर, मग भरपूर पाण्याने धुणे. समोरच्या बांधकामावरून सिमेंटचे शिंतोडे आले तर तेच. मात्र वाळलेलं सिमेंट नखाने उडवू नका.

वेळ संपत आलीय, प्रश्न घेतो.

(प्रश्नोत्तरांतला निवडक भाग)

प्रश्न : दसऱ्याला आम्ही बोनटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढतो. तेही बंद करायचं का?

अजिबात नाही, काकू. आधी मेण लावलेलं असू द्या. बोट ओलं ठेवा, कोरडं कुंकू घासू नका. पूजा झाल्यावर संध्याकाळी पाणी ओतून काढा, तीन दिवस तसंच ठेवू नका. हळदीचा पिवळेपणा राहिलाच तर तो उन्हानेच उडतो, कुंकवातला हल्लीचा रंग मात्र पांढऱ्या गाडीवर राहू शकतो. हाराची तार बोनटला लागू देऊ नका, गाडी चालली की ती करवतीसारखी चालते. नारळ चाकाजवळ, बंपरवर नाही.

प्रश्न : गणपतीला कोकणात जाऊन आलो की गाडी लालभडक होते. लगेच पुसायची का?

लगेच धुवायची, पण पुसायची नाही. जांभ्याची माती आहे ती, पाण्याने भिजवून दोनदा ओतून काढा, मग शाम्पू. मडगार्डच्या आतून आणि खालून पाणी मारा, तिथे माती ओल धरून बसते आणि गंज तिथूनच सुरू होतो. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेली असेल तर खालून धुणं टाळूच नका.

प्रश्न : चरा पॉलिशने जाईल की नाही, हे कसं ओळखायचं?

नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर तो लॅकरमध्येच आहे, जाईल. अडकलं तर खोल गेलाय, पॉलिशवाल्याला पैसे देऊ नका. पत्रा दिसत असेल तर टचअपची बाटली आणून पावसाआधी बंद करा. आणि नव्याने रंगवलेल्या भागाला महिनाभर मेण लावू नका, त्याला पूर्ण सुकू दे.

(यानंतर सभागृहाच्या दाराशी उभे असलेले गाड्या पुसणारे दादा यांनी प्रश्न विचारला.)

प्रश्न : काका, तुम्ही म्हणता रोज पुसू नको. पण गाडीवर धूळ दिसली की मालक म्हणतात, आज आलाच नाहीस. मग मी काय दाखवू?

बरोबर आहे तुमचं. यावर मी सेक्रेटरींशी आधीच बोललोय. ऑफिसात एक वही ठेवू. कुठली गाडी कुठल्या वारी धुवायची ते त्यात लिहिलेलं असेल, दिवसाला आठ-नऊच गाड्या येतात. धुतली की तुम्ही खूण करायची, मालकाने हवं तर सही करायची. फडके सोसायटी घेईल, निळे बॉडीला, पिवळे काचांना, करडे चाकांना, आणि ते ऑफिसच्या मागच्या नळावर धुवायचे. दोन बादल्या आणि झारी मी देतो. येत्या रविवारी सकाळी सात वाजता माझ्याच गाडीवर करून बघू. ज्यांना बघायचंय त्यांनी खाली यावं, येताना आपला तो जुना बनियन घरीच ठेवावा.